टाकी वाजनी नही

सहाव्या दिवशी, रात्री पावणेतीनला
देवपुरात आमच्या गल्लीत पाणी येतं.
आधी नळ खोकतो, मग हौद,
मग खाली मोटर चालू होते
आणि छतावर, बरोबर माझ्या उशीच्या वर,
हजार लिटरची काळी टाकी
उपाशी पोटानं ओरडायला लागते.

धार तळावर पडते
तर वाटतं कुणी पत्र्यावर भुईमूग ओततंय
पोत्यामागून पोतं.
पाणी चढतं तसा आवाज जाड होतो.
भरत आली की चेंडू थरथरतो,
टक् टक् टक् टक्,
आणि शेवटी भिंतीतला पाइप असा हिसका देतो
की फळीवरचे डबे सुद्धा जागे होतात.

ह्यांची साडेपाचला शहादा गाडी.
पन्नास माणसं मागे बसवून
जांभई गिळायची म्हणजे काय
ते ह्यांनी कधी सांगितलं नाही.
मी डोळे बघते ना.

इख्तियारभाईंना बोलावलं.
वीस वर्षं मागावर काढली, मागानं कान घेतले,
मग प्लंबिंग शिकले.
मी म्हटलं, भाई,
तुम्हाला ऐकूच येत नाही तर कमी कसा करणार?
त्यांनी माझे ओठ वाचले. हसले.
खाली मोटर लावायला सांगितली
आणि पाइपवर तळवा ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
"आवाज हात को लगता है, भाभी."

क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे.
व्हॉल्व्ह अर्धा फेरा मागे.
आणि टाकीत, धार सुटायची तिथून,
एक लांब नळी, तळाच्या वीतभर वर.
आता पाणी पाण्यावर पडणार नव्हतं,
पाण्यात शिरणार होतं.

मग माझ्या गॅसवर खिळा तापवून
नळीला अगदी वरती एक भोक पाडलं,
ज्वारीच्या दाण्याएवढं.
हे आणि कशाला?
"सांस लेने कू. नहीं तो पानी उल्टा जाता,
जहां से आया वहीं."
पैसे घेतले अडीचशे. चहा घेतला नाही, रोजे होते.

सहावी रात्र.
पावणेतीनला मी आपोआप जागी.
ह्यांचा श्वास ऐकू आला,
मध्येच अडकणारा, कधीपासून असा?
आग्रा रोडवर एक ट्रक गिअर बदलत गेला.
मी अंधारात भिंतीला हात लावला.
भिंत गाईच्या कुशीसारखी हलत होती.
पाणी येत होतं.
इतकं गुपचूप की मला उगीच
चोरी केल्यासारखं झालं.

सकाळी अंगणात सुगंधाबाई.
चार टिपं, चारी कोरडी,
आणि ती एका टिपावर बसलेली.
"पानी कव्हय उनं व माय?
माले समजनंच नही.
तुम्हनी टाकी वाजनी नही."

तिच्याकडे मोटर नाही, मोबाइल मुलाकडे सुरतेला.
अकरा वर्षं ती आमच्या टाकीवर उठत होती
आणि मी अकरा वर्षं
त्याच टाकीला शिव्या देत होते.

चार हंडे आमच्यातले दिले.
तिनं घेतले, पण माझ्याकडे बघितलं नाही.
सहा दिवस चार हंड्यात कसे काढले
मी विचारलं नाही.

इख्तियारभाईंना म्हटलं, भोक मोठं करता येईल?
जरा आवाज राहील असं?
त्यांनी तळवा हलवला, नाही.
भोक श्वासापुरतंच असावं.

तेव्हापासून मी जिना उतरते.
चपला वरच ठेवते, हे झोपलेले असतात.
छत्तीस पायऱ्या, पायाला गार.
तिच्या दाराची कडी दोनदा वाजवते, हळूच.
आतून, बाज करकरायच्या आधी,
तिचा आवाज येतो,

"उनं का?"

"उनं."